शीत कुठून उचलले?

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस इचलकरंजीला चाचांच्या घरी होतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास दारावर थाप पडली. बाहेर पंचविशीतला एक मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "सरकारी सर्व्हे आहे, घरात कोण आहे?" चाचीने दार अर्धेच उघडले, "घरात माणूस नाही" म्हणाली आणि कडी लावली. मग आत येऊन मला विचारले, "आधार मांगता क्या वो?" मी समोर बसलेलो असूनही घरात माणूस नव्हता. हे उत्तर ठरलेले होते, २०२० पासून ठरलेले.

मुलगा संध्याकाळी पुन्हा आला. चाचा घरी होते, मीही होतो. त्याला बसवले, पाणी दिले. पुढची चाळीसेक मिनिटे तो विचारत होता, चाचा सांगत होते आणि मी बघत होतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज लाखो ओळींच्या डेटावर काम करतो. पण त्यातली एक ओळ जन्माला येताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती किती ठिकाणी बिघडू शकते हेही त्याच चाळीस मिनिटांत दिसले. या संपादकीयाचा विषय तोच आहे.

हा मुलगा आमच्याच दारात का आला, हा चाचीचा पहिला प्रश्न होता. आपल्या सगळ्यांचा असतो. मोहल्ला बघून आले का? मुसलमानांची वेगळी नोंद चालली आहे का?

भारतात हे काम १९५० पासून चालू आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, म्हणजे एनएसएस, तेव्हा सुरू झाले. प्रत्येक घरी जाणे दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेला जमते, दरवर्षी जमत नाही. म्हणून शितावरून भाताची परीक्षा. शीत उचलण्याची रीत मात्र कडक आहे. खेड्यांसाठी जनगणनेतली गावांची यादी घेतात. शहरांचे शे-दीडशे घरांचे ब्लॉक पाडलेले असतात, त्यांची यादी घेतात. या याद्यांमधून काही गावे आणि ब्लॉक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. मग कर्मचारी त्या ब्लॉकमध्ये जाऊन प्रत्येक घराची यादी करतो आणि त्यातून पुन्हा यादृच्छिक पद्धतीने थोडी घरे निवडतो. रोजगाराचा जो सर्व्हे आमच्याकडे आला होता, पीएलएफएस, त्यात जानेवारी २०२५ पासून एका ब्लॉकमधली १२ घरे घेतात. देशभरात मिळून ती २ लाख ७२ हजार होतात. एका घरी सलग चार महिने, महिन्याला एकदा जायचे असते. यात कुठेही "मोमीन गल्ली निवडा" असा पर्याय नाही. त्या मुलाने घर निवडलेच नव्हते, ते त्याला नेमून दिलेले होते.

आता हिशेब करा. देशात ढोबळमानाने ३० कोटी घरे धरली, तर सर्व्हेतले एक घर सरासरी हजार-अकराशे घरांच्या वतीने बोलते. अहवाल करताना प्रत्येक घराच्या उत्तराला गुणक लावला जातो तो यासाठीच. चाचीने दुपारी कडी लावली तेव्हा तिने फक्त स्वतःचे घर गप्प ठेवले नव्हते.

आणि कडी लागली म्हणून रकाना रिकामा राहतो असेही नाही. एनएसएसच्या पद्धतीत निवडलेले घर मिळाले नाही तर त्याच गटातले दुसरे घर बदली म्हणून घेतात आणि कारणाचा कोड टाकतात. माहिती देणारा कामात आहे, १. घरचे लोक बाहेरगावी आहेत, २. सहकार्य देत नाही, ३. अहवालात आकडा येतोच, फक्त तो दुसऱ्याचा असतो. माझ्या कामात एखादे मूल्य नसेल तर तिथे 'नल' दिसते, निदान कळते तरी की इथे काही नाही. इथे तेही कळत नाही. दार न उघडणारी घरे आणि उघडणारी घरे सारखी असती तर बिघडले नसते. पण ती सारखी नसतात. दिवसा ज्या घरात फक्त बायका आहेत, पुरुष मागावर, हातगाडीवर किंवा आखातात आहेत, त्याच घरात "माणूस नाही" हे उत्तर मिळते. म्हणजे ज्यांची स्थिती कळायला हवी तीच घरे गळतात. (हे दुसऱ्या टोकालाही होते. मुंबई-पुण्याच्या बड्या सोसायट्यांमध्ये वॉचमनच कर्मचाऱ्याला आत सोडत नाही, त्यामुळे श्रीमंतांचा खर्च सर्व्हेत नीट येत नाही अशी अर्थशास्त्रज्ञांची जुनी तक्रार आहे. पण श्रीमंतांचे आकडे चुकले म्हणून त्यांची शिष्यवृत्ती जात नाही.)

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार मुस्लिम ११.५ टक्के. राज्यात हजार घरांचा नमुना घेतला तर आपली साधारण शंभर-सव्वाशे. त्यातली वीस-पंचवीस जरी गळली तरी राज्याच्या एकूण आकड्याला धक्का बसणार नाही, पण 'महाराष्ट्रातील मुस्लिम' या ओळीचे काही खरे नाही. लहान गटाला गळती जास्त महाग पडते.

आकड्यांनी आपले काय भले केले, असे कोणी विचारेल. न्या. राजिंदर सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपण ऊठसूट उद्धृत करतो. समितीने घरोघर जाऊन स्वतःचा सर्व्हे केलेला नव्हता. तो अहवाल मुख्यतः २००१ ची जनगणना आणि एनएसएसची २००४-०५ ची ६१ वी फेरी यांवर उभा आहे. कुठल्या तरी मोहल्ल्यात कोणीतरी दार उघडून तासभर प्रश्नांना उत्तरे दिली होती, म्हणून तो लिहिता आला.

दुसरे उदाहरण अधिक टोकदार आहे. 'त्यांची लोकसंख्या वाढते' हा मेसेज तुमच्याही ऑफिसच्या ग्रुपवर येत असेल, माझ्याकडे निवडणुकीच्या आधी हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून आपण जो आकडा टाकतो तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा असतो. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था केंद्रीय आरोग्य खात्यासाठी हा सर्व्हे करते. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुले ४.४, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २.३६. घट सर्व धर्मांत झाली, आपल्यात सर्वांत वेगाने. हा आकडा कोणत्याही नेत्याने, मौलानाने किंवा आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांनी आणलेला नाही. मूल कधी झाले, किती झाली, किती गेली, पुढे हवे आहे की नाही, असे प्रश्न एका अनोळखी बाईने विचारले आणि हजारो मुस्लिम बायकांनी त्यांची उत्तरे दिली. आपण ग्रुपवर भांडतो त्या त्यांच्या साक्षीवर.

दार उघडले म्हणजे काम संपले, असे मला त्या संध्याकाळपर्यंत वाटत होते.

मुलाने विचारले, "घरातल्या बाई काय करतात?" चाचा म्हणाले, "काही नाही, घरीच असते." मुलाने बोटाने टॅबवर काहीतरी निवडले आणि तो पुढे गेला. नंतर मी या सर्व्हेचे कोड वाचले. ९२ म्हणजे फक्त घरकाम करते, श्रमशक्तीत नाही. आता वस्तुस्थिती सांगतो. चाचांचे खालच्या शेडमध्ये चार माग आहेत. त्या मागांच्या कांड्या चाची भरते. सकाळी स्वयंपाक आटोपला की बसते, दुपारी पुन्हा, दिवसाला चार-पाच तास. हेच काम बाहेरच्या कांडीवालीकडून करून घेतले असते तर पैसे मोजावे लागले असते. या सर्व्हेच्या भाषेत याचा कोड २१ आहे: कुटुंबाच्या धंद्यात विनामोबदला मदतनीस. तिची गणना काम करणाऱ्यांत होते. निकष फार अवघडही नाही. चालू आठवड्याच्या हिशेबात मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केले तरी माणूस कामकरी धरला जातो. चाचा खोटे बोलले नाहीत. त्यांना खरोखरच ते काम वाटत नाही. चाचीला विचारले असते तर तिनेही तेच सांगितले असते.

मग वर्षअखेर अहवाल येतो. त्यात धर्मवार तक्ता असतो आणि मुस्लिम स्त्रियांचा श्रमसहभाग कमी दिसतो. त्यावर कोणी बुरख्याचा लेख लिहितो, कोणी त्याचे खंडन लिहितो. बायका शिकून घरी बसवल्या जातात हे आपल्याकडे खरेच आहे, त्यावर या पानांवर आम्ही लिहिले आहे आणि लिहू. पण जी काम करते आहे तिला आपणच 'काही करत नाही' म्हणून नोंदवणार असू, तर न शिकवलेल्या मुलीचा प्रश्न कुठला आणि न मोजलेल्या कष्टाचा कुठला, हे वेगळे करताच येणार नाही. कांडी, काज-बटण, फॉल-बिडिंग, पापड, पॅकिंग, डब्याची ऑर्डर: मोहल्ल्यातल्या किती घरांत दुपारी काय चालते ते आठवून बघा.

पुढचा प्रश्न सामाजिक गटाचा. आधी धर्म विचारला होता, इस्लाम, कोड २. मग एससी, एसटी, ओबीसी की इतर? चाचा म्हणाले, "सांगितलं ना, मुसलमान." मुलगा 'इतर' निवडणार होता. तेव्हा मात्र मी मध्ये बोललो. आम्ही मोमीन, राज्याच्या ओबीसी यादीत आहोत आणि माझे इंजिनीअरिंगचे ॲडमिशन त्याच दाखल्यावर झालेले आहे. चाचांच्या कपाटात तोच दाखला पडलेला आहे. पण 'जात' म्हटले की आपल्या घरांत दोन उत्तरे तयार असतात. एक, इस्लाममध्ये जात नाही. दुसरे, मुसलमान हीच जात. पहिले श्रद्धेचे बोलणे आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण फॉर्म श्रद्धा विचारत नसतो. तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार या घरात तुम्ही जन्मलात का, एवढेच तो विचारत असतो.

याचा परिणाम सच्चर अहवालातच बघायला मिळतो. १९९९-२००० च्या एनएसएसमध्ये देशातल्या मुस्लिमांपैकी ३१.७ टक्के ओबीसी निघाले. पाच वर्षांनी, २००४-०५ मध्ये, ४०.७ टक्के. पाच वर्षांत कोणी पिंजारी होत नाही. बदलले ते मुख्यतः उत्तर. लोकांना आपण कोणत्या यादीत आहोत ते कळू लागले होते. महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने याच काळात गावोगाव दाखल्यांसाठी जे काम केले त्याचे मोल अशा आकड्यांतून कळते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण चूक नेहमी दार उघडणाऱ्याचीच नसते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात जात मोकळ्या रकान्यात लिहून घेतली, ठरलेल्या यादीतून निवडायला दिली नाही. केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले की त्यातून ४६ लाख वेगवेगळी जातनामे निघाली. मलबारच्या मापिलांचे स्पेलिंग ४० प्रकारे झाले, म्हणून एकाच समाजाच्या ४० जाती झाल्या. जातींचा तो डेटा कधीच जाहीर झाला नाही. सॉफ्टवेअर शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारा, मोकळा टेक्स्ट बॉक्स ठेवल्यावर काय होते. मग महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणासाठी 'इम्पिरिकल डेटा' हवा झाला तेव्हा बांठिया आयोगाने २०२२ मध्ये मतदार यादीतल्या आडनावांचा आधार घेतला आणि त्यावर बरीच टीका झाली. आपल्याकडे पाटील आहेत, देशमुख आहेत, इनामदार आहेत, आणि अर्धा मोहल्ला शेख आहे. शेख या आडनावावरून कोणाची जात सांगता येते हे मला कोणीतरी शिकवावे.

आता चाचीच्या मूळ प्रश्नाकडे. "आधार मांगता क्या वो?" ही भीती अडाणीपणाची आहे असे मी म्हणणार नाही. २०२० मध्ये जनगणनेच्या घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही, एनपीआर, अद्ययावत करण्याचे ठरले होते. म्हणजे तोच कर्मचारी, तीच भेट आणि दोन वेगळी कामे. जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्याखाली होते. एनपीआर नागरिकत्व कायद्याच्या २००३ च्या नियमांखाली येते. दोन्ही एकाच हातात दिल्यावर सामान्य माणसाने फरक कसा करायचा? त्या वर्षाच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी साध्या सर्व्हेच्या कर्मचाऱ्यांनाही लोकांनी हाकलले. काही ठिकाणी अंगावर गेले, ते चुकीचेच होते. तो बिचारा बहुतेक वेळा कंत्राटावर असतो आणि त्याला ब्लॉक पूर्ण करायचा असतो.

जगाचा अनुभवही सरसकट दिलासा देणारा नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९४२ मध्ये जपानी वंशाचे लोक कुठे किती राहतात याचे छोट्या भागांचे तक्ते लष्कराला दिले. त्या काळात १ लाख २० हजारांच्या आसपास माणसे छावण्यांत गेली. त्याच खात्याने २००१ च्या हल्ल्यानंतर अरब वंशाच्या रहिवाशांचे पिनकोडवार आकडे सुरक्षा खात्याला दिले होते. दोन्ही वेळा नावे न देता नुसत्या गोळाबेरजेने काम भागले. त्यामुळे "डेटा फक्त आकडेवारीसाठी आहे" हे वाक्य मी आंधळेपणाने मानत नाही.

पण मग कोणत्या गोष्टीला घाबरायचे हे नीट बघू. मोहल्ले कुठे आहेत हे कळण्यासाठी कोणालाही सर्व्हेची गरज नाही. मतदार याद्या आहेत, रेशनच्या याद्या आहेत, मोबाइल कंपन्या आहेत. आपले नाव, पत्ता आणि फोटो ज्या नोंदवहीत जातो तिच्याबद्दल प्रश्न विचारलेच पाहिजेत. नमुना सर्व्हे तशी नोंदवही नाही. त्यात हजारातले एखादे घर असते. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार ती माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरायची असते आणि संशोधकांना डेटा देताना नाव-पत्ता काढून दिला जातो. जनगणना कायद्याचे कलम १५ तर सांगते की वैयक्तिक नोंद कोणाला बघायला मिळणार नाही आणि पुरावा म्हणूनही चालणार नाही. कायदा मोडला जाऊ शकतो, हे खरे. पण नमुना सर्व्हेला दार बंद करून मिळणारे संरक्षण जवळपास शून्य आहे आणि त्याची किंमत वर सांगितली तेवढी आहे. हा माझा हिशेब आहे. तुमचा वेगळा निघाला तर लिहून कळवा, छापू.

सरकारकडे मात्र हिशेब मागायचा आहे. २०१७-१८ च्या पहिल्या पीएलएफएसचा अहवाल वेळेत बाहेर आला नाही, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. ६.१ टक्के बेरोजगारीचा तो आकडा अधिकृतपणे जाहीर झाला तो लोकसभा निवडणूक उरकल्यावर. त्याच वर्षीचा कुटुंबांच्या खर्चाचा सर्व्हे तर डेटाचा दर्जा ठीक नाही म्हणून बासनातच गुंडाळला. लोकांनी वेळ काढून सांगितलेले असे कपाटात ठेवायचे आणि पुढच्या वेळी सहकार्याचे आवाहन करायचे, हे कसे चालेल? मोहल्ल्यात सर्व्हे असेल तेव्हा महिला कर्मचारी पाठवा, आधी मशीद कमिटीला किंवा नगरसेवकाला पत्र द्या, हेही फार मोठे मागणे नाही.

२०२२-२३ च्या खर्चाच्या सर्व्हेचे आकडे आले आहेत, ते २ लाख ६१ हजार घरांचे आहेत. त्यांचा घरनिहाय डेटा केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतो. त्यात धर्माचा रकाना आहे. आपल्यातले कितीतरी मुले-मुली पायथन आणि आर शिकलेली आहेत. एक शनिवार-रविवार देऊन महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांचा खाण्यावर, शिक्षणावर, औषधावर किती खर्च होतो याचा तक्ता काढा. गुणक लावायला विसरू नका, आणि एकाच जिल्ह्याचा आकडा काढून बातमी करू नका, तेवढ्या घरांवर तो टिकत नाही.

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणसे मोजण्याच्या टप्प्यात या वेळी सर्वांची जात विचारली जाणार आहे. आपल्या घरी काय सांगायचे हे जेवताना एकदा बोलून ठेवा. दाखला कपाटातून काढून त्यावर काय लिहिले आहे ते वाचा, कारण पिंजारी, नदाफ आणि मन्सुरी अशी तीन उत्तरे एकाच भावकीतून गेली तर काय होते ते मापिलांनी बघितले आहे. कोणताही सर्व्हे असो, दारात आलेल्याचे ओळखपत्र बघा, कोणता सर्व्हे ते विचारा. एनएसएसच्या सर्व्हेला नागरिकत्वाचा कागद, बँक खात्याचा नंबर किंवा ओटीपी लागत नाही. कोणी मागितले तर उत्तरे थांबवा आणि वरच्या अधिकाऱ्याचा नंबर मागा.

चाचीच्या कांडीचे माझ्या लक्षात आले तेव्हा तो मुलगा निघून गेला होता. रात्री जेवताना खालून मशीनचा आवाज आला आणि मी चाचांकडे बघितले. ते म्हणाले, "अब इसमें क्या लिखाने का?" त्यावर बरीच चर्चा झाली, ती इथे देत नाही.

पुढच्या महिन्यात चाचीचा फोन आला. तोच मुलगा दुसऱ्या फेरीला आला होता आणि चाचा बाजारात गेले होते. चाचीने त्याला आत घेतले, थेट खालच्या शेडमध्ये नेले, कांडी मशीन दाखवले आणि विचारले, "हे बसतं का रे तुझ्या टॅबमध्ये?" बसते म्हणाला.